बोनेटवरचे टवके घरी भरता येतात का? मृगाच्या आत उरकायचंय

उजळाईवाडीकर | ६ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझी वॅगनआर, पांढरी, २०१७ ची. रोज कोल्हापूर ते कराड जाऊन-येऊन आहे, आणि हायवेचं सहापदरीचं काम काढल्यापासून पुढच्या डंपरच्या चाकातनं खडी येऊन बोनेटवर टवके उडायलेत. काल रविवारी गाडी धुतल्यावर निवांत बसून मोजले. बोनेटवर ११, टपाच्या पुढच्या कडेला २ आणि बंपरवर ६. बहुतेक मोहरीएवढे आहेत, तीन-चार ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि एक वायपरच्या जवळ तुरीच्या डाळीएवढा आहे, त्याच्या मधोमध तपकिरी ठिपका दिसायला लागलाय. त्या ठिपक्यानं डोक्याला घोर लावलाय. सात वर्षं हप्ते भरले, फेब्रुवारीत शेवटचा गेला, गाडी आत्ता कुठं आपली झाली आणि आता तिला गंज चढलेला बघवत नाही.

सर्व्हिस सेंटरला दाखवली तर म्हणाले पूर्ण बोनेटला नवा रंग मारावा लागेल, साडेसात हजार, दोन दिवस गाडी ठेवा. मोहरीएवढ्या टवक्यांसाठी अख्खं बोनेट? हे घरी भरता येतं का, कुणी स्वतः केलंय का, काय काय सामान लागतं आणि पावसाच्या आधी करणं गरजेचं आहे का दिवाळीपर्यंत थांबलं तर चालतंय, एवढं सांगा. हात बऱ्यापैकी स्थिर आहे, घरचे दारं-खिडक्यांचे रंग मीच देतो.

तांबडा_पांढरा | ६ मे, रात्री ९.५८

भावा, पांढरी गाडी म्हणजे निम्मं काम झालंय. वैनींकडनं पांढरी नेलपॉलिश माग, एक-एक ठिपका दे, विषय संपला. माझ्या जुन्या अल्टोला असंच केलतं, दोन वर्षं काय झालं न्हाई, तिसऱ्या वर्षी गाडीच विकली.

सातारचा_पावणा | ६ मे, रात्री १०.१५

नेलपॉलिशला माझा पण होकार. स्वस्तात मस्त.

शाहूपुरी_केमिस्ट्री | ६ मे, रात्री १०.५०

नेलपॉलिशवर थोडं बोलते, कारण हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो पूर्ण चुकीचा नाही. नेलपॉलिशमध्ये मुख्यतः नायट्रोसेल्युलोज असतं आणि गाड्यांच्या रंगातही ते अनेक वर्षं वापरलं गेलंय, त्यामुळे ती पत्र्यावर चिकटते, पाणी अडवते. पण ती आठवडाभर नखावर टिकावी म्हणून बनवलेली असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटला हात लावून बघा, किती वेळ ठेवता येतो ते. त्या उन्हात ती पिवळी पडते, मग तडकते, आणि तडकलेल्या जागेतनं पाणी आत जाऊन तिथेच बसतं. वरनं पांढरं दिसतंय म्हणून आपण निर्धास्त, आणि खाली गंज पसरत असतो. दुसरं म्हणजे खाली प्रायमर, म्हणजे पत्र्याला धरून राहणारा रंगाखालचा थर, नसतो. ज्यांचा टवका पत्र्यापर्यंत गेलेला नाही त्यांनी महिनाभराची सोय म्हणून लावली तर मी भांडणार नाही. उजळाईवाडीकर, तुमच्या तुरीच्या डाळीला मात्र ती लावू नका, तिथं गंज आधीच सुरू झालाय.

तांबडा_पांढरा | ६ मे, रात्री ११.०२

मॅडम, आमचं दहावीला केमिस्ट्री असं कुणी शिकवलं असतं तर आज वेगळं चित्र असतं 🙏

फौंड्रीवाले_काका | ७ मे, सकाळी ६.२०

उजळाईवाडीकर, शिवाजी उद्यमनगरात ३१ वर्षं काढली, लोखंड आणि गंज एवढंच बघितलंय, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

पहिलं हे ठरवा की टवका किती खोल आहे. गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर फॉस्फेटचा हात असतो, त्यावर गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला प्रायमर, त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग आणि शेवटी क्लिअर, म्हणजे चमकेचा पारदर्शक थर. हे सगळं मिळून सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वहीचं एक-दीड पान. एवढ्याशा जाडीवर आपली सगळी भिस्त. तर टवक्याच्या तळाशी पांढरट किंवा राखाडी मॅट थर दिसला तर प्रायमर शिल्लक आहे, पत्रा झाकलेला आहे, घाई नाही. चकचकीत किंवा तपकिरी दिसलं तर पत्रा उघडा पडलाय, तिथं एक दिवस पण थांबू नका.

आमच्याकडं पावसाळ्यात मशीनिंग करून तेल न लावता राहिलेला लोखंडी भाग सकाळी तांबूस दिसायचा, एका रात्रीत. उघड्या लोखंडाला कोल्हापूरची जुलैची हवा पुरते, पाणी पडायला पण लागत नाही. आणि गंज जागच्या जागी बसत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळं बाजूचा चांगला रंग उचलतो, फोड येतो, फोडाखाली परत पाणी. मोहरीची बघता बघता सुपारी होते. म्हणून दिवाळीपर्यंत थांबू नका, मृगाच्या आत उरका.

बंपरचे ६ सोडून द्या. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज चढत नाही. दिसायला खराब दिसतं तेवढंच.

उजळाईवाडीकर | ७ मे, सकाळी ९.०५

काका, ऑफिसला जायच्या आधी मोबाइलची बॅटरी लावून एकेक बघितला. ११ पैकी ७ मध्ये राखाडी दिसतंय, ३ चकचकीत आणि तो एक तपकिरी. टपाचे दोन्ही चकचकीत. बंपरचं ओझं डोक्यावरनं उतरलं, १९ चे १३ झाले.

कलर_मिस्त्री | ७ मे, दुपारी १.३०

मी २२ वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका.

एक, सर्व्हिस सेंटरवाला लुटतोय असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतंय. बोनेटच्या मधोमध स्प्रे गनने रंग मारला तर क्लिअरची कड कुठंतरी सोडावी लागते आणि ती कड उन्हात दिसतेच, काही महिन्यांनी तिथनंच पापुद्रा सुटतो. म्हणून क्लिअर पार पॅनलच्या टोकापर्यंत ओढायचा असतोय. त्यामुळं गॅरेजला दिलं की पूर्ण बोनेटच होणार, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

दोन, घरी भरलेला टवका मी दहा फुटांवरनं ओळखतो. लोक ब्रशनं थापतात, मध्ये टेंगूळ आणि बाजूला ओघळ. मग तेच टेंगूळ घासायला जातात आणि बाजूचा चांगला क्लिअर पण घासून घेऊन माझ्याकडं येतात. रंग टवक्यात बसवायचा असतोय, टवक्यावर न्हाई. हे जमणार असंल तर करा, नसंल तर नुसता प्रायमरचा ठिपका देऊन मोकळे व्हा, गाडी वाचती.

सातारचा_पावणा | ७ मे, दुपारी २.१०

मिस्त्री, म्हणजे गॅरेजमध्येच द्यावी असं तुमचं म्हणणं का?

कलर_मिस्त्री | ७ मे, रात्री ८.४५

न्हाई न्हाई. ११ बारक्या टवक्यांसाठी मी स्वतः गिऱ्हाइकाला बोनेट मारू नका म्हणून सांगतो. कंपनीतला रंग भट्टीत १४० डिग्रीच्या आसपास भाजलेला असतोय. आम्ही ६० डिग्रीला भाजतो, कारण तयार गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक सगळं असतंय. आमचा हात कितीबी चांगला असू दे, कंपनीच्या रंगाची सर त्याला येत न्हाई. ओरिजिनल रंग आहे तोवर ठेवावा. गाडी विकायला गेलात तर आता सगळे रंगाची जाडी मोजायचं मीटर लावतात, परत मारलेल्या पॅनलला आकडा दुप्पट दाखवतंय आणि खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असंल तर विचारूच नका. मग ॲक्सिडेंटची गाडी म्हणून भाव पाडतात.

माझं म्हणणं एवढंच की करायचं तर हळूहळू करा.

विमा_ताई | ८ मे, सकाळी ११.२०

कुणीतरी क्लेम करा म्हणून सुचवायच्या आधी मीच लिहिते, कारण रोज हे समजावून सांगते. टवक्यांसाठी क्लेम टाकू नका. एक वर्ष क्लेम नसेल तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं सलग क्लेम नसेल तर ५० टक्के. एक क्लेम टाकला की ती शून्यावर येते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेमला पहिले १००० रुपये आपल्या खिशातले. आणि रोजच्या वापरात हळूहळू पडलेले टवके झीज म्हणून बाजूला काढले जातात, झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर) असलं तरी. उजळाईवाडीकरांची ५० टक्के सूट चालू असणार, ती साडेसात हजारांच्या बोनेटसाठी घालवायची नाही.

उजळाईवाडीकर | ८ मे, दुपारी १.००

ताई, ५० टक्केच चालू आहे. धन्यवाद, हे डोक्यातच आलं नव्हतं.

पन्हाळगडी | ८ मे, रात्री ९.३०

धागा वाचतोय. माझी सिल्व्हर आहे, घरी भरलं तर ठिपका काळपट दिसतो. रंग कोड बघूनच घेतला होता, झेड२एस. तरी असं का?

कलर_मिस्त्री | ८ मे, रात्री १०.०५

सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमची बारीक चमकी असती. गननं मारली की ती चमकी सपाट झोपती आणि उजेड परत फेकती. काडीनं किंवा ब्रशनं लावली की उभी-आडवी कशीबी बसती, म्हणून काळपट. बाटली भरपूर हलवून, अगदी पातळ तीन-चार हात द्या, एका हातात भरू नका. तरी उन्नीस-बीस राहणारच. पर्लच्या रंगात तर तीन थर असतात, ते घरी करूच नका म्हणतो मी. उजळाईवाडीकरांचा पांढरा साधा आहे, तो सगळ्यात सोपा.

उजळाईवाडीकर | ९ मे, सकाळी ८.१५

कोड सापडला, बोनेट उघडल्यावर आतल्या पट्टीवर, २६यू. सुपिरियर व्हाइट.

शाहूपुरी_केमिस्ट्री | ९ मे, सायंकाळी ६.४०

एक सोपी परीक्षा करून घ्या. दाराच्या आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, ओल्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) घेऊन हलकं घासा. फडक्यावर पांढरा रंग उतरला तर वर वेगळा क्लिअर नाही, म्हणजे तुम्हाला नुसता रंग पुरतो. फडकं तसंच राहिलं तर रंगानंतर क्लिअर पण लागेल. साध्या पांढऱ्यात दोन्ही प्रकार बघायला मिळतात.

आणि गंजाबद्दल. तपकिरी ठिपका टोकदार वस्तूनं खरवडून काढा, तरी खड्ड्यांत थोडा राहतोच. त्याला रस्ट कन्व्हर्टर म्हणून द्रव मिळतो, त्यात टॅनिक ॲसिड किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं. टॅनिकवाला लावला की गंज काळा पडतो, लोह आणि टॅनिनचं काळं संयुग तयार होतं आणि पुढची झीज थांबते. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात ना, त्यातलं कमावण्याचं काम करणारं द्रव्य हे टॅनिनच. आपल्या राधानगरी-शाहूवाडीच्या जंगलातला हिरडा आणि गाडीचा गंज यांचं असं नातं आहे, मी वर्गात मुलांना हेच उदाहरण देते. घरी हिरडा उगाळून मात्र लावू नका, तयार बाटली आणा 🙂 हातमोजे घाला, बाजूच्या रंगावर सांडला तर लगेच पुसा.

तांबडा_पांढरा | ९ मे, सायंकाळी ७.१०

हिरडा, चप्पल आणि वॅगनआर. हे फक्त कोल्हापुरातच होऊ शकतंय. नाद खुळा.

गगनबावडेकर | १० मे, सकाळी ७.५०

हवेकडं पण बघा. आमच्याकडं जून लागला की भिंती पण घाम गाळतात, त्या हवेत मी क्लिअर लावला आणि सकाळी बघतो तर ठिपका दुधाळ. लॅकर वाळताना थिनर उडतो, जागा गार होते आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं, म्हणून पांढरट झाक येते. ते सगळं काढून नव्यानं करावं लागलं. कोरडी सकाळ बघा. आणि भर उन्हात पण नको, रंग टवक्यात बसायच्या आधी वरनं साय धरतो.

सातारचा_पावणा | १० मे, दुपारी १२.३०

मी मूळ रोगावर बोलतो. त्या हायवेवर डंपरच्या मागं लागायचंच नाही. मी शिरवळ ते कागल महिन्यातनं चार खेपा करतो, खडीची गाडी दिसली की एकतर बरंच मागं राहतो किंवा जागा मिळाली की पुढं निघून जातो, मध्ये रेंगाळत नाही. खडी आपल्याला मारत नाही, आपण खडीवर जाऊन आदळतो, ८० च्या वेगाला आणि ५० च्या वेगाला फरक केवढा पडतो ते काचेला विचारा.

कसबा_बावडा_९ | १० मे, दुपारी १२.५५

आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या. मागनं हॉर्न मारून उपयोग नाही, टेपच एवढ्या मोठ्यानं चाललेला असतो. आमच्याकडं तर कारखान्याची राख पण येते, सकाळी गाडीवर काळी बुरशी धरल्यागत. ती कोरड्या फडक्यानं झटकू नका, मी तसं करून बोनेटवर गोल गोल ओरखडे पाडून घेतलेत. आधी पाणी सोडायचं, मग हात लावायचा.

रंकाळा_संध्याकाळ | १० मे, रात्री ९.१५

विषय निघालाय तर दसऱ्याचं पण सांगते. गाडीला झेंडूचा हार घालतो तो तारेत ओवलेला असतो. गाडी पळायला लागली की ती तार बोनेटवर थाडथाड आपटते. आमच्या नव्या गाडीला पहिल्याच दसऱ्याला दोन्ही बाजूंना ओरखडे. आता मी हार घरी सुई-दोऱ्यात ओवते. हळदी-कुंकवाचं बोट पण क्लिअरवर दोन दिवस राहिलं की डाग धरतं, पूजा झाली की संध्याकाळी पुसून घ्यायचं, देव रागवत नाही.

फौंड्रीवाले_काका | ११ मे, सकाळी ६.०५

दसऱ्याचं नाव काढलंत म्हणून. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते ती बघितलीय ना? मी लहानपणापासून बघतोय. गर्दीत सगळे आत कोण बसलंय ते बघतात, मी मडगार्डची कड बघतो. इतक्या जुन्या गाडीचा रंग असा राखायचा म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं बारकावे बघतंय. आपल्या गावाला तशी रंगाची आणि यंत्राची दोन्हींची जाण आहे. बाबूराव पेंटर इथलेच, हातात कुंचला पण आणि स्वतः सिनेमाचा कॅमेरा पण बनवला. उजळाईवाडीकर, तुम्ही काडीनं टवके भरणार ते काम छोटं समजू नका.

उजळाईवाडीकर | २६ मे, रात्री १०.३०

मंडळी, काम केलं. सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

मॅडमनी सांगितलेली परीक्षा केली, फडकं पांढरं झालं, म्हणजे माझ्या गाडीला क्लिअरची भानगड नाही. टचअपची बाटली कोड सांगून मागवली, आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमधनं घेतलं, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमरची छोटी बाटली, २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) आणि दात कोरायच्या काड्या. सगळं मिळून अकराशेच्या आत बसलं. गुजरीत माझा मित्र आहे, त्याच्याकडनं सोन्याचं काम बघायचं भिंग दोन आठवड्यांसाठी मागून आणलं, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

शनिवारी, ११ तारखेला, सकाळी साडेसहाला सुरुवात केली. शाम्पूनं गाडी धुतली, वाळवली, मग प्रत्येक टवका अल्कोहोलनं पुसला. भिंगातनं बघितलं तर मला जो मोहरीएवढा गोल वाटत होता तो गोल नव्हता, त्याच्या कडेला रंगाचे बारीक पापुद्रे उचललेले होते, नखानं हलत होते. ते काडीच्या टोकानं काढून टाकले, नाहीतर त्यांच्यावरच रंग बसला असता. तुरीच्या डाळीचा गंज खरवडला, आतनं तांबडी पूड निघाली, तळाशी सुईच्या टोकाएवढे दोन काळे खड्डे. त्यावर काडीनं कन्व्हर्टरचा थेंब सोडला आणि वीसएक मिनिटांत तपकिरीचं निळसर काळं झालं. मुलगी शेजारी उभी होती, तिला हिरड्याची गोष्ट सांगितली.

कन्व्हर्टर रात्रभर वाळू दिला. रविवारी सकाळी त्यावर आणि बोनेटच्या चकचकीत तिन्हींवर प्रायमर. राखाडी सातांना सरळ रंग. मिस्त्रींचं वाक्य डोक्यात होतं, रंग टवक्यात बसवायचा. काडी बाटलीत बुडवली की टोकाला मोठा थेंब लोंबतो, तो बाटलीच्या कडेला पुसून टाकायचा, मग जेवढा उरतो तेवढाच टवक्याच्या मध्यभागी टेकवायचा. थेंब आपोआप कडेपर्यंत पसरतो आणि थांबतो. तो पसरताना बघायला इतकं छान वाटतं. वाळला की खाली बसतो, मध्ये खळगा दिसतो, मग अर्ध्या-पाऊण तासानं दुसरा थेंब. ज्वारीवाल्यांना तीन लागले, डाळीला पाच.

गडबड टपाच्या दोघांची झाली. ते मी शेवटी ठेवले होते. दुपारी चारला पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं, वळीव येणार म्हणून घाईनं प्रायमर न लावताच त्यांच्यावर रंग टेकवला आणि ताडपत्री ओढली. दहा मिनिटांत गारा.

आठवडाभर हात लावला नाही. काल पेन्सिलीच्या मागच्या रबराला २००० चा गोल तुकडा चिकटवून, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त ज्या दोन ठिकाणी टेंगूळ होतं तेवढंच अलगद सपाट केलं, मग कंपाउंडनं चमक आणली. लांबनं दिसत नाहीत. जवळनं बघितलं तर दिसतात, नवा पांढरा किंचित जास्त पांढरा आहे, सात वर्षं उन्हात राहिलेल्या रंगाशेजारी तेवढा फरक येणारच. पण पाणी टाकलं की आता कुठंही थांबत नाही, घरंगळून जातं.

कलर_मिस्त्री | २६ मे, रात्री ११.१०

जमलंय. पेन्सिलीच्या रबराची आयडिया मी पण घेणार. एक महिना वॅक्स लावू नका, रंग आतनं वाळू द्या. बोनेटच्या घडीच्या रेषेवर पेपर कधी चालवू नका, तिथं रंग सगळ्यात पातळ असतोय.

टपाचे दोन लक्षात ठेवा.

विमा_ताई | २७ मे, सकाळी १०.००

अकराशे रुपयांत आणि ५० टक्के शाबूत. अभिनंदन!

पन्हाळगडी | २ जून, रात्री ८.२०

वाचून मी पण केलं, सिल्व्हरचे चार. पातळ चार हात दिले, मागच्यापेक्षा खूपच बरं आलं. भिंगाशिवाय केलं होतं म्हणून पहिल्यांदा फसलो होतो हे आत्ता कळलं.

उजळाईवाडीकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

काल दसऱ्याला गाडी धुतली, हार दोऱ्यातलाच घातला, म्हणून इथं परत आलो. पूर्ण पावसाळा झाला, जुलैमध्ये पंचगंगा पात्राबाहेर होती तेव्हा गाडी सहा दिवस उघड्यावरच होती. आज परत भिंग आणलं. बोनेटचे ११ च्या ११ जसेच्या तसे आहेत, तुरीची डाळ पण. टपाच्या दोनपैकी एक ठीक आहे. दुसऱ्याच्या कडेला बारीक फोड आलाय, टोकरल्यावर खाली तपकिरी. वळिवाच्या घाईत प्रायमर न लावता रंग दिला त्यांच्यातलाच. काका, तुम्ही सांगितलेलं बरोबर तसंच झालं, फोडाखाली ओलावा होता.

तर तो येत्या रविवारी उघडून पहिल्यापासून करणार. मे मधली प्रायमरची बाटली उरलीय, चालेल का?

फौंड्रीवाले_काका | १३ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

फोड दिसतोय त्याच्यापेक्षा बाहेरपर्यंत खरवडा. रंग घट्ट लागेल तिथं थांबा. गंज नेहमी दिसतो त्याच्या पुढं गेलेला असतो.

कलर_मिस्त्री | १३ ऑक्टोबर, रात्री ९.००

झाकण घट्ट असंल तर चालंल. बाटली उलटी-सुलटी करून हलवा आणि काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघा, गुठळी दिसली तर फेकून द्या, नवी आणा. आत्ता हवा कोरडी आहे, सकाळी दव वाळल्यावर नऊला बसा. दोन दिवस घ्या.